खात्री करून फेरसादर करावे

हल्ली लग्नाच्या पंगतीत, भिशीत, ऑफिसात डबे उघडल्यावर एक वाक्य हमखास कानावर पडतं. "मला ना, थोडा ओसीडी आहे." म्हणणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. मूळव्याध किंवा नायटा चारचौघांत कुणी मिरवत नाही, पण ओसीडी सांगताना मान किंचित ताठ होते. पुढे तपशील येतो. चादरीवर एक सुरकुती खपत नाही, फ्रीजमधले डबे उंचीप्रमाणे लावलेले लागतात, टॉवेलच्या कडा जुळल्या नाहीत तर झोप लागत नाही. ऐकणारे कौतुकाने माना डोलावतात. "मुलीला ओसीडी आहे हो, घर कसं लख्ख ठेवते" असं मुलीकडचे स्थळाला सांगतील, तो दिवस फार लांब नाही.

या मंडळींकडे जी असते तिला टापटीप म्हणतात. ती ज्याच्याकडे असते त्याला सुख देते आणि घरातल्या बाकीच्यांना त्रास. खरा ओसीडी पक्षपात करत नाही, तो सगळ्यांना त्रास देतो. मी त्यातला, डॉक्टरांच्या कागदावर नाव असलेला. माझं कपाट उघडायचं तर समोरच्याला आधी बाजूला व्हायला सांगावं लागतं, कारण कपडे अंगावर येतात. चादरीच्या सुरकुत्यांशी माझं काही वैर नाही. माझा सगळा वेळ दुसऱ्याच कामात जातो.

आपल्याकडे ओसीडीला पूर्वीपासून मंत्रचळ म्हणतात. एखादा विचार नको असताना डोक्यात शिरतो आणि भीती घालतो. ती भीती शमवायला माणूस काहीतरी करतो: धुतो, मोजतो, तपासतो, मनातल्या मनात जप करतो, घरच्यांना विचारून विचारून भंडावतो. घटकाभर बरं वाटतं. मग तोच विचार ताजातवाना होऊन परत येतो. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ सालच्या निदानग्रंथात यासाठी एक ढोबळ माप दिलंय. हा उद्योग दिवसाचा तासाभराहून जास्त वेळ खात असेल किंवा कामधंद्यात, नात्यांत ठळक अडथळा आणत असेल, तर तो आजार. शंभरातल्या दोघा-तिघांना आयुष्यात कधी ना कधी तो गाठतो. म्हणजे डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलच्या एका डब्यात, दारात लोंबकळणारे धरून, पाच-सहा जण सहज निघतील. ते कोण, हे कळणार नाही. ते पंगतीत सांगत नाहीत.

माझ्या डोक्यातलं हे खातं एक अव्वल कारकून सांभाळतो. निवृत्तीचं वय केव्हाच उलटलंय, पण खुर्ची सोडत नाही. तो तुमच्याही डोक्यात आहे, फक्त तुमचा दुपारी डुलक्या काढतो. माझा कमालीचा दक्ष आहे. मी गॅसचा नॉब बंद करून चपला पायात सरकवल्या की त्याचं पत्र निघतं. 'विषय: स्वयंपाकघरातील गॅस बंद असल्याबाबत. संदर्भ: आपले आज सकाळचे समक्ष पाहणे. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपण पाहिले असले तरी नीट पाहिल्याचा पुरावा सोबत जोडलेला नाही. सबब, खात्री करून फेरसादर करावे.' मी चपला काढतो, आत जातो, नॉब बघतो, हाताने चाचपतो. बंद असतो. बाहेर येतो तर दुसरं पत्र सही होऊन तयार. 'आपण नॉबला हात लावल्याने तो चुकून फिरला नसल्याचे प्रमाणपत्र जोडावे.'

कारकून खोटं कधीच बोलत नाही, हे त्याचं वैशिष्ट्य. त्याचा प्रत्येक आक्षेप नियमात बसतो. हाताच्या धक्क्याने नॉब फिरलाच नसेल, असं शपथेवर कोण सांगणार? तो शंभर टक्के खात्री मागतो, आणि ती कुठल्याच खिडकीवर मिळत नाही. नव्व्याण्णव टक्के घेऊन गेलं की उरलेल्या एका टक्क्यावर तो लाल शाईने शेरा मारतो. इतरांचे कारकून नव्व्याण्णववर शिक्का उठवतात आणि चहाला जातात, म्हणून जगातल्या लोकांच्या गाड्या वेळेवर पकडल्या जातात.

मी तंत्रज्ञानाचा आधार घेतला. घरातून निघताना मोबाइलवर नॉबचा फोटो काढायला लागलो, तारीख-वेळेसकट. माझ्या फोनमध्ये मुलीच्या वाढदिवसांपेक्षा गॅसच्या शेगडीचे फोटो जास्त आहेत. कुणी बघितले तर मी शेगड्यांचा एजंट आहे असंच वाटेल. फोटो स्टेशनच्या पुलावर उघडून मी कारकुनापुढे ठेवला. त्याने चष्मा कपाळावर चढवून पाहिला आणि नोंद केली, 'सदर छायाचित्र काढल्यानंतर काय घडले, याबाबत सदर छायाचित्र मौन बाळगून आहे.'

नेदरलँड्समधल्या मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट या दोघांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो वाचून मी त्यांना मनोमन दंडवत घातला. त्यांनी धडधाकट विद्यार्थ्यांना संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी पेटवायला, विझवायला आणि विझली का ते पुन्हा पुन्हा तपासायला लावलं. शेवटी विचारलं, मघाशी काय पाहिलंत? पोरांना आठवत बरोबर होतं, पण आठवणीतला ठसठशीतपणा गेला होता आणि स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास उडाला होता. म्हणजे तपासल्याने खात्री वाढत नाही, घटते. पहिल्यांदा पाहिलेला नॉब लख्ख आठवतो. दहाव्यांदा पाहिल्यावर दहाही नॉब एकमेकांत मिसळतात आणि आपण पाहिला तो आजचा की कालचा, हेही कळेनासं होतं. कारकुनाची गंमत इथेच आहे. तो जो कागद मागतो, तो आणून देण्याच्या खटपटीतच आधीचे कागद गहाळ होतात.

कुलूप लावल्यावर ते एकदा ओढून बघणं हा महाराष्ट्र धर्म आहे, त्याबद्दल कुणालाही मंत्रचळी म्हणू नये. गावाला निघताना कुलपाला लोंबकळून त्याची सहनशक्ती अजमावणारे काकाही मी जमेत धरतो. फरक पुढे आहे. ते काका रिक्षात बसले की कुलूप विसरतात आणि रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडायला लागतात. मंत्रचळी माणसाला भांडणाचंही सुख नाही. मीटर पळत असतो आणि तो मनाने जिन्यात उभा असतो.

आपल्या घरांत या कारकुनाला लपायला जागाही भरपूर होती. पूर्वीच्या सोवळ्यात किती जणींचा आणि किती जणांचा मंत्रचळ खपून गेला असेल, याचा हिशेब कुठेच नाही. एखादी आजी चारदा आंघोळ करायची, धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लावायची, वाळत घातलेल्या लुगड्याला कावळ्याची सावली पडली म्हणून ते पुन्हा भिजवायची. तिला कडक म्हणायचे, आजारी कुणी म्हणायचं नाही. आजीला भीती वाटतेय, हे तर कुणाच्या ध्यानीमनीही नसायचं. आणि ते चार-चार बादल्या पाणी विहिरीवरून आणायला सुना होत्याच. कारकुनाचा पगार बहुतेकदा घरातली दुसरीच माणसं भरतात.

हे आपल्यापुरतंच आहे असंही नाही. जेझुइट पंथ स्थापणारे इग्नेशियस लोयोला सोळाव्या शतकात लिहून गेलेत की, वाटेत क्रुसासारख्या पडलेल्या गवताच्या दोन काड्यांवर पाय पडतो, मग मनात येतं की पाप झालं, आणि त्याच वेळी झालं नसेल असंही वाटत राहतं. जमिनीवरच्या वर्तमानपत्राला पाय लागला म्हणून नमस्कार करणाऱ्या, आणि तो नमस्कार मनापासून झाला की नुसता हाताने या शंकेपायी पुन्हा करणाऱ्या मराठी माणसाला ही भाषा लगेच कळेल. लोयोलांचे सोबती फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरले. कारकून त्यांच्या जहाजातून आला असा आरोप करता येत नाही. तो इथे आधीपासूनच नोकरीला होता.

१७५५ साली इंग्रजीचा तो प्रचंड शब्दकोश काढणारे सॅम्युअल जॉन्सन दारातून जाताना ठरलेली पावलं मोजत, ठरलेलाच पाय आधी उंबऱ्याबाहेर पडला पाहिजे म्हणून. चुकलं तर मागे येऊन पुन्हा पहिल्यापासून चालत. त्यांचे चरित्रकार बॉस्वेल यांनी हे लिहून ठेवलंय. ज्यांच्या कारकुनाने दारातून बाहेर पडण्यावरही आक्षेप घेतले, त्यांनी हजारो शब्दांचे अर्थ निकाली काढले, हे वाचून आमच्यासारख्यांना मोठा धीर येतो.

आतापर्यंत मी सांगितलं ते चारचौघांत सांगण्याजोगं. गॅस, कुलूप, हात धुणं यांवर लोक हसतात आणि आपणही हसतो. कारकुनाच्या खालच्या कप्प्यातल्या फायली मात्र वेगळ्या आहेत. बारशाला गेलो, कुणीतरी प्रेमाने बाळ हातात दिलं, आणि डोक्यात आलं, 'हे मी खाली टाकलं तर?' आरती चालू आहे, सगळे तल्लीन, आणि समोरच्या मूर्तीकडे बघून मनात एक अस्सल शिवी उमटली. सासऱ्यांच्या पंचाहत्तरीत भाषण ऐकताना वाटलं, आत्ता उठून यांच्या टकलावर टपली मारली तर? मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण रचणाऱ्याच्या कारकुनाला मी एकदा भेटणार आहे.

असा विचार आला की तुम्ही काय करता? 'काय पण डोकं आहे!' असं म्हणून पेढा उचलता. मंत्रचळी माणूस पेढा उचलत नाही. कारकुनाने लगेच चौकशी बसवलेली असते. 'असा विचार आपल्या मनात आला, त्याअर्थी आपली तशी इच्छा नाही, हे सिद्ध करावे.' मग तो माणूस बाळ घाईघाईने परत देतो, बारशी टाळू लागतो, देवळात डोळे मिटून माफीचे एकशेआठ जप करतो. जो माणूस बाळाला सगळ्यात जास्त जपतो, त्यालाच आपण राक्षस आहोत असं वाटू लागतं. जे आपल्याला सर्वांत प्रिय आणि पवित्र, नेमक्या त्याचीच फाइल कारकून उघडतो. टकलाचं फारसं काही वाटत नाही, म्हणून ती चौकशी लवकर संपते.

लंडनमध्ये स्टॅन्ली रॅकमन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल डि सिल्वा यांनी १९७८ साली ठणठणीत माणसांना विचारलं, तुमच्या मनात असलं काही येतं का? बहुतेकांनी हो म्हटलं. कुणाला इजा करण्याचे, अचकट-विचकट, देवाधर्माला न शोभणारे, सगळे नमुने निघाले. आजारी माणसांच्या आणि यांच्या विचारांचा मजकूर बराचसा सारखाच होता. फरक होता तो विचार किती वेळा येतो, किती टोचतो आणि झटकायला किती जड जातो, यात. थोडक्यात, पंगतीत शेजारी बसलेल्या त्या शांत, सात्त्विक बाईंच्या मनातही मघाशी काहीतरी भयंकर येऊन गेलंय. त्यांनी त्यावर श्रीखंड वाढून घेतलं, इतकंच.

मग विचार दाबून का टाकू नये? आपल्याकडच्या गोष्टीतला वैद्य औषधाची पुडी देताना सांगतो की, घेताना माकड आठवायचं नाही, आणि रोग्याला जन्मभर औषध घेता येत नाही. १९८७ साली अमेरिकेत डॅनियल वेग्नर यांनी हेच पांढऱ्या अस्वलावर करून पाहिलं. विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढरं अस्वल मनात आणू नका, आलं तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. नंतर खुशाल आणा म्हटल्यावर तर, आधी दाबणाऱ्यांच्या डोक्यात ते इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. समर्थांनी मनाची समजूत घालायला २०५ श्लोक लिहिले, यावरून मन एका सांगण्यात ऐकत नाही हे त्यांना पुरतं ठाऊक असणार.

मधे २०२० साल आलं आणि कारकुनाची अचानक बढती झाली. सगळं जग वीस सेकंद हात धुवायला लागलं. दुधाच्या पिशव्यांना साबण लागला, कोथिंबिरीच्या जुड्यांची आंघोळ होऊ लागली, कुरिअरवाल्याचं खोकं जिन्यात विलगीकरणात राहू लागलं. ज्यांना आयुष्यभर 'हात कमी धुवा' म्हणून सांगितलं होतं, त्यांना आता सरकारच फोनवर उलटं सांगत होतं, तेही दुसरा माणूस फोन उचलायच्या आधी. पुढे साथ ओसरली, लोक पुन्हा पाणीपुरीच्या गाडीवर गेले. बऱ्याच जणांचा कारकून मात्र बढतीच्या पगारावर अडून बसला.

यावर उपचार आहे आणि तो ऐकायला अगदी निर्दय वाटतो. व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञांनी लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये तो सुरू केला आणि १९६६ साली प्रसिद्ध केला. तत्त्व सोपं आहे. ज्याची भीती वाटते त्याच्या समोर जायचं आणि नंतरचा धुण्या-तपासण्याचा विधी करायचा नाही. सतत धूत राहणाऱ्या एका रुग्ण बाईंवर तिथे नर्सेसचा पहारा होता आणि नळाचं पाणीही बंद ठेवलेलं. हे वाचताना अभिमान वाटला. आमची नगरपालिका हा उपचार कित्येक वर्षं मोफत पुरवते, फक्त तिला कुणी संशोधक म्हणत नाही.

माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर मॅडमनी मला गृहपाठ दिला. गॅस एकदा बंद करायचा, मागे न बघता निघायचं, आणि कारकुनाचं पत्र आलं की उत्तर द्यायचं नाही. 'बंद आहे' असंही म्हणायचं नाही आणि 'चालू आहे' असंही नाही. "म्हणायचंच असेल तर म्हणा, असेल, नसेल." मी म्हटलं, "आणि घर जळलं तर?" त्या म्हणाल्या, "बघा, मलाच पत्र पाठवलंत." धुणाऱ्यांचा गृहपाठ याहून खमंग असतो. एसटी स्टँडच्या कठड्याला हात लावायचा आणि तसाच वडापाव खायचा. बाळाच्या विचाराची भीती असणाऱ्याला बाळ घ्यावं लागतं, आणि विचार आला तर येऊ द्यावा लागतो, लग्नात न बोलावता आलेल्या पाहुण्याला कुणी हाकलत नाही, पण मानाचा आहेरही करत नाही, तसं.

पहिल्यांदा जीव खालीवर होतो. स्टेशनपर्यंत फायर ब्रिगेडच्या घंटा ऐकू येतात. कारकून स्मरणपत्रं पाठवतो, मग अंतिम स्मरणपत्र, मग 'तातडीचे व गोपनीय'. मग एक विलक्षण गोष्ट घडते. उत्तरच येत नाही म्हटल्यावर तो कंटाळतो. भीती शिखरावर जाते आणि आपली आपण उतरायला लागते, नॉब न बघताही. हे पुस्तकात वाचून पटत नाही. ते ठाणे ते मुलुंडच्या दरम्यान अंगावर काढावं लागतं. काहींना सोबत गोळ्याही लागतात. नैराश्यावर देतात त्याच जातीच्या, पण ओसीडीत बऱ्याचदा जास्त मात्रेत, आणि गुण यायला आठ-दहा आठवडे थांबावं लागतं. इतके दिवस 'गोळी लागू पडतेय का?' हे दर तासाला न तपासणं हाही उपचाराचाच भाग मानावा.

सर्वांत अवघड गृहपाठ बायकोला मिळाला. तोवर ती माझी पडताळणी अधिकारी होती. "गॅस बंद आहे ना गं?" "हो." "नक्की?" "हो म्हटलं ना!" "चिडून हो म्हणालीस की बघून?" असा आमचा संसार चालला होता. मॅडमनी तिला सांगितलं, यापुढे धीर द्यायचा नाही. धीर दिला की कारकुनाला रसद मिळते. लग्नाच्या इतक्या वर्षांनी, नवऱ्याच्या प्रश्नाला उत्तर न देण्याची लेखी परवानगी डॉक्टरांकडून मिळालेली ती बहुधा सोसायटीतली एकमेव बाई असेल. तिने ती फारच मनावर घेतली. "अहो, असेल चालू," असं म्हणून ती सरळ लिफ्टचं बटण दाबते. हल्ली "माझे मोजे कुठेत?" यालाही "असतील, नसतील" हेच उत्तर येतं, आणि त्याविरुद्ध दाद मागायची सोय नाही.

हे वाचून कुणाला आपल्या डोक्यातला कारकून ओळखीचा वाटला, तर त्याने 'आपण वेडे झालो' असं मानून कोपऱ्यात बसू नये, आणि चादरीवाल्यांच्या कळपातही जाऊ नये. मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा मानसशास्त्रज्ञाकडे जावं. पहिलं पाऊल घराबाहेर पडत नसेल तर सरकारची टेलिमानस नावाची सेवा आहे. १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत चालतो. नंबर बरोबर लागला का, ते मात्र एकदाच बघावं.

मॅडमकडच्या भेटी आता लांबल्या आहेत. गेल्या वेळी निघताना मी दारात थांबलो आणि विचारलं, "मॅडम, हे पुन्हा उलटणार नाही ना? म्हणजे, मी नक्की बरा झालोय ना?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "या प्रश्नाचं उत्तर मी दिलं, तर तुम्हाला पुढच्या आठवड्यात परत यावं लागेल."